त्यांच्या पुस्तकांतले आपण

मुलीच्या उशाशी 'अ‍ॅना अँड द फ्रेंच किस' नावाचं पुस्तक दिसलं की आपल्यातल्या बहुतेकींच्या पोटात गोळा येतो. नुसत्या नावानंच. मग एकतर आपण "हे काय वाचतेस गं?" म्हणून जरा चढ्या आवाजात विचारतो, नाहीतर काही न बोलता पुस्तक उचलून कपाटावर ठेवतो आणि क्लासच्या टेस्टचा विषय काढतो. दिवसभराचं ऑफिस, संध्याकाळच्या पोळ्या, उद्याचे डबे, या सगळ्यात एवढं जाड इंग्रजी पुस्तक उघडून बघायला वेळ कुणाला आहे?

माझ्याही घरात अकरावीतली मुलगी आहे. तिच्या मैत्रिणींमध्ये अशा पुस्तकांची देवघेव सतत चालू असते. सोळा-सतरा वर्षांची मुलं, घर सोडून परक्या देशात शिकायला गेलेली, आणि तिथे त्यांच्यावर काय काय गुदरतं त्याच्या गोष्टी. थोडं कुतूहल, थोडी काळजी म्हणून मी त्यातली काही वाचली. वाचता वाचता माझं लक्ष पॅरिस-लंडन सोडून त्यांतल्या आई-बाबांकडेच जायला लागलं. मुलांच्या नजरेला आपण कसे दिसतो, हे इतक्या जवळून मला दुसऱ्या कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आधी अ‍ॅनाचीच गोष्ट सांगते. स्टेफनी पर्किन्स या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २०१० साली आली. अ‍ॅना अटलांटाची. जिवलग मैत्रीण, धाकटा भाऊ, थिएटरातली छोटीशी नोकरी, तिथेच काम करणारा एक आवडता मुलगा, असं तिचं सगळं छान चाललेलं असतं. शाळेचं एकच वर्ष उरलेलं असतं. आणि तिचे बाबा, जे लोकप्रिय कादंबरीकार आहेत आणि ज्यांच्याकडे आता भरपूर पैसा आलाय, परस्पर ठरवून टाकतात की हे शेवटचं वर्ष तिनं पॅरिसमधल्या अमेरिकन शाळेत करायचं. त्यांच्या लेखी ते मुलीचं भलंच करत असतात. तिला मात्र कुणी विचारतच नाही.

पॅरिस म्हटल्यावर आपल्याला वाटतं, नशीब काढलं पोरीनं. पण आई-बाबा तिला वसतिगृहाच्या खोलीत सोडून निघतात आणि ती ढसाढसा रडते. शेजारच्या खोलीतल्या मुलीला भिंतीपलीकडून ते ऐकू येतं. ती दार वाजवते, हिला आपल्या खोलीत नेते आणि गरम चॉकलेट करून देते.

पुढचा प्रसंग तर माझ्या डोक्यातून जातच नाही. शाळेच्या भोजनगृहात आचारी समोर उभा असतो. हवं ते सांगायचं, तो ताजं करून देणार. पण अ‍ॅनाला फ्रेंच येत नाही. सांगणार कसं? म्हणून जिथे तोंड उघडावं लागत नाही, तेवढंच ती उचलते. पंचपक्वान्नं समोर असून पोरगी अर्धपोटी. शहरात एकटीनं बाहेर पडायचीही तिला भीती वाटते.

बाहेर शिकायला गेलेल्या आपल्या मुलाला आपण फोनवर पहिला प्रश्न काय विचारतो? "जेवलास का?" आणि तो म्हणतो, "हो." आपलं समाधान होतं. पण काउंटरवरच्या बाईचं बोलणं कळलं नाही, मागे रांग खोळंबली होती, म्हणून नुसतं केळं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन खोलीवर आलो, हे तो आपल्याला कधीच सांगणार नाही. आपल्याला काळजी लागेल म्हणून सांगणार नाही, आणि एवढे पैसे भरून पाठवलंय, तर साधं जेवण मागता येत नाही हे कबूल करायची लाज वाटेल म्हणूनही.

आमच्या शेजारचा मुलगा बारावीनंतर बाहेर शिकायला निघाला, तेव्हा आदल्या दिवशी मी मदतीला गेले होते. हॉलभर पसारा. तेवीस किलोच्या वर एक ग्रॅम चालणार नाही म्हणून वजनकाटा मध्यभागी. त्याची आई छोट्या कुकरच्या पोटात गोड्या मसाल्याची पाकिटं बसवत होती, जीन्सच्या घड्यांत मेतकूट, स्वेटरच्या बाहीत लसणाची चटणी. बाबा पासपोर्टच्या झेरॉक्स मोजत होते. आणि ज्याला जायचं तो सोफ्यावर पाय पसरून मोबाइलमध्ये. वहिनी वैतागून म्हणाल्या, "बघ ना, याला काही वाटतच नाहीये."

आता अ‍ॅना आणि तिच्यासारख्या इतर मुलामुलींना वाचल्यावर मला वाटतं, त्याला इतकं वाटत होतं की त्यानं मान वर केली असती तर तो रडला असता. सतरा-अठराव्या वर्षी आई-बाबांसमोर रडण्यापेक्षा मोबाइलमध्ये डोकं घालणं सोपं असतं. आपण त्याला बेफिकिरी समजतो आणि जाता जाता चार शब्द सुनावतो. आपलीही त्या दिवसांत झोप झालेली नसते.

याच कादंबरीतला दुसरा बाप बघा. अ‍ॅनाचा मित्र एतियेन सेंट क्लेअर. त्याची आई सॅन फ्रान्सिस्कोला कॅन्सरनं आजारी, आणि वडील त्याला तिला भेटायला जाऊ देत नाहीत. पैसा त्यांचा, फी ते भरतात, म्हणून पोरानं कुठे राहायचं आणि कधी कुणाला भेटायचं हेही तेच ठरवणार. इतके कठोर आपण नसतो. पण "आम्ही एवढा खर्च करतोय" हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येतंच. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की ते सहज तोंडातून निसटतं. आपल्याला त्यात फक्त थकवा वाटतो. त्या वयाच्या मुलाच्या कानाला ते कसं लागतं, हे सेंट क्लेअरच्या प्रकरणांत कळतं.

सगळ्यांत जास्त मी अडखळले ती मात्र 'लव्हबोट, तायपे' वाचताना. अ‍ॅबिगेल हिंग वेन यांची ही कादंबरी २०२० ची. एव्हर वाँग अमेरिकेतल्या ओहायोमध्ये वाढलेली, आई-बाबा चिनी. तिला नृत्यात जायचंय, घरच्यांना ती डॉक्टर व्हायला हवी. तिनं चिनी भाषा शिकावी, आपली मुळं ओळखावीत म्हणून ते तिला उन्हाळ्यात तैवानला पाठवतात. तैवान सरकारच्या आधारानं परदेशस्थ चिनी मुलांसाठी असा उन्हाळी अभ्यासदौरा खरोखरच भरायचा. आई-बाप भाषा आणि संस्कृतीसाठी पाठवायचे आणि पोरं तिथे प्रेमात पडायची, म्हणून त्याचं नाव पडलं 'लव्ह बोट'. लेखिका स्वतःही त्या दौऱ्यावर गेलेली आहे.

एव्हरच्या घरचे नियम वाचताना मला आपलं घर आठवलं. मार्क पैकीच्या पैकी. कपडे साधे. रात्री वेळेत घरी. मुलांशी मैत्रीचं नाव नको. तैवानला पोचल्यावर पोरगी काय करते? हे सगळे नियम एकेक करून मोडायचं ठरवते. रात्री गुपचूप बाहेर पडते, दारू पिते, नको त्या भानगडीत सापडते, तिचा खाजगी फोटो तिच्या मनाविरुद्ध पसरतो. ती पानं वाचताना माझे हात गार पडले होते, खोटं कशाला सांगू.

पण त्याच पुस्तकात एव्हरचे बाबाही आहेत. मायदेशात ते डॉक्टर होते. अमेरिकेत त्यांची पदवी चालली नाही, म्हणून ते इस्पितळात मदतनिसाचं काम करतात. मुलीनं डॉक्टर व्हावं हा हट्ट तिथून आलेला. आणि आई. मुलीचा तैवानचा खर्च निघावा म्हणून तिनं आपली काळ्या मोत्यांची माळ विकलेली असते. मुलीला आई फक्त नियम लावणारी म्हणून माहीत असते, आणि त्या माळेबद्दल कळल्यावर तिला काय वाटतं ते मी सांगत बसत नाही, तुम्हीच वाचा.

न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी नातेवाइकांना तर हे आणखी जवळचं वाटेल. शनिवार-रविवारची मराठी शाळा, सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला आजीकडे पाठवणं, मुलांनी आजीशी नीट बोलावं ही धडपड. त्यामागची आपली तळमळ खरी असते. फक्त ती आपण मुलांना कधी सांगत नाही, फक्त वेळापत्रक देतो.

आपल्याकडची बहुतेक मुलं बाहेर जातात ती बारावीनंतर किंवा पदवीनंतर. त्याआधी वर्षभर आपण घरात बोलतो ते परीक्षांबद्दल, व्हिसाबद्दल, बँकेबद्दल, हॉस्टेल की अपार्टमेंट याबद्दल. तुला भीती वाटते का, हा प्रश्न कुठल्याच यादीत नसतो. विचारला तरी "नाही" हेच उत्तर येणार. इथे ही पुस्तकं कामाला येतात. "तुला एकटं वाटेल का?" याला मुलगी उत्तर देत नाही. पण "अ‍ॅना त्या आचाऱ्याशी बोलायला एवढी का घाबरली गं?" म्हटलं की ती बोलायला लागते, आणि अ‍ॅनाबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल कधी बोलायला लागली ते तिलाही कळत नाही.

मात्र एक करू नका. पुस्तकाचा धडा करू नका. "बघ, एव्हरचं काय झालं बघितलंस ना!" असं आपण एकदा म्हटलं की पुढचं पुस्तक आपल्या नजरेस पडत नाही. मला हे फार जड जातं. जिभेवर आलेलं वाक्य गिळावं लागतं.

प्रेमाच्या आणि त्यापुढच्या पानांचं काय, असं तुम्ही विचाराल. ती आहेत. अ‍ॅनाच्या पुस्तकात दारू आहे, शरीराबद्दल मोकळं बोलणं आहे. एव्हरच्या पुस्तकात त्याहून जास्त. सातवी-आठवीच्या मुलीच्या हातात मी ती देणार नाही. अकरावी-बारावीच्या मुलांबाबत माझं मत वेगळं आहे. पुढच्या वर्षी ज्या मुलाला आपण एकट्याला विमानात बसवणार आहोत, त्यानं या गोष्टी आधी पुस्तकात, घरच्या पलंगावर लोळत वाचलेल्या बऱ्या. नको असलेला ग्लास पुढे आला तर काय म्हणायचं, फोटो काढू द्यायचा नसेल तर कसं थांबवायचं, हे बोलायला निदान एक निमित्त तरी मिळतं. तुमचं मत वेगळं असेल तर तेही बरोबर असू शकतं, आपापलं मूल आपण ओळखतो.

अंतराची एक गंमत मॉरीन जॉन्सनच्या 'द नेम ऑफ द स्टार' मध्ये आहे. २०११ ची कादंबरी. लुइझियानाची रोरी लंडनच्या निवासी शाळेत येते. आई-बाबाही इंग्लंडमध्येच, ब्रिस्टलला. गाडीत बसलं की भेट. शाळेच्या आसपास खून पडायला लागतात, रोरीला भुतं दिसायला लागतात, म्हणजे गोष्ट तशी थरारक. पण मला जाणवलं ते हे की सगळ्यांत भयंकर गोष्ट ती आई-बाबांनाच सांगू शकत नाही. ते विश्वास ठेवणार नाहीत, घाबरून तिला घरी नेतील, असं तिला वाटत राहतं. मुलांना आपल्या रागाची जितकी धास्ती असते, तितकीच आपल्या घाबरण्याचीही असते. आपण फोनवर हुंदका दिला की पुढच्या वेळी ते खरं सांगत नाहीत.

मराठीत आजच्या परदेशी शिकणाऱ्या मुलांवरची किशोरांसाठीची कादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही, आणि ती कुणीतरी लिहायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण एक जुनी गोष्ट आपल्या घराघरांत आहे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ', १९६८ ची, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींवरची कादंबरी. आपण ती आदर्श म्हणून वाचतो, पहिली डॉक्टर, पहिला मान. आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या, हे लक्षात ठेवून ती पुन्हा वाचून बघा. आपल्या बारावीतल्या मुलीच्या वयाची पोर. नऊवारीत, शाकाहारी, फिलाडेल्फियाच्या थंडीत. पाठवायचं ठरवणारे तिचे पती गोपाळराव, आणि तिकडे रोज निभावणारी ती. १८८६ मध्ये पदवी मिळाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली.

त्या सगळ्यात तिला एक आधार होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. जाण्याच्या आधीपासून पत्रव्यवहार होता. आनंदी त्यांना मावशी म्हणायची. बोटीवरून उतरल्यावर ती आधी त्यांच्याच घरी राहिली.

आपल्या मुलालाही तिथे कुणी मावशी, कुणी काका लागतो. आपण निघताना नातेवाइकांचे नंबर देतो आणि बजावतो, "काही लागलं तर फोन कर." मुलं करत नाहीत. ज्यांना कधी भेटलो नाही त्यांना संकटात फोन करायचं धाडस होत नाही. त्यापेक्षा जायच्या आधीच व्हिडिओ कॉलवर दोन-तीनदा निवांत गप्पा होऊ द्या, मुलाच्या आणि त्यांच्या, आपण मध्ये न पडता. पोचल्यावर पहिल्या रविवारी जेवायला बोलवा असं त्यांना आपणच सांगायला काही कमीपणा नाही.

आणि उलटही. पुण्याजवळ पौडला १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. कुठल्या कुठल्या देशांतली सोळा-सतरा वर्षांची मुलं तिथे शिकायला येतात. पुण्याच्या महाविद्यालयांतही परदेशी मुलं आहेत. कुणाची तरी अ‍ॅना आपल्या दुकानाच्या काउंटरवर, आपल्या खानावळीत गप्प उभी असते. आपली मुलं सोबत असताना तिच्याशी आपण कसं वागतो, ते मुलं बघतात.

पैशांबद्दलही एक सांगायचंय. या पुस्तकांतल्या शाळा महागड्या आहेत, आणि ती वाचून मूल "मलाही जायचंय" म्हणालं की आपल्या छातीत धस्स होतं. आपण "बघू" म्हणून विषय टाळतो. मुलांना ते "बघू" कळतं. त्यापेक्षा एखाद्या रविवारी कागद घेऊन बसावं. आपल्याकडे काय आहे, कर्ज किती झेपेल, कुठे शिष्यवृत्ती मिळू शकते, काय अजिबात जमणार नाही. जमणार नसेल तर तसंही सांगावं. एव्हरच्या आईसारखी माळ गुपचूप विकू नये, आणि विकावी लागलीच तर ते ओझं मुलाला भलत्या वेळी भलत्या तोंडून कळू नये. सत्तर हजार पगारातल्या घराचं मूल समजूतदार नसतं असं कुणी सांगितलं?

मुलं सुट्टीत परत येतात तेव्हाचं मात्र या पुस्तकांशिवाय मला सुचलं नसतं. अ‍ॅना नाताळात अटलांटाला घरी येते. ज्या घरासाठी ती झुरलेली असते तिथे जिवलग मैत्रीण आणि तो आवडता मुलगा आता एकमेकांचे झालेले असतात, आणि तिला पॅरिसची आठवण येत राहते. आपण विमानतळावर पुरणपोळीचा बेत मनात घेऊन उभे असतो. मूल येतं, दोन दिवस झोपतं, तिसऱ्या दिवशी म्हणतं, "मी परत गेल्यावर..." आणि आपल्याला लागतं. आपलं घर आता परकं झालं का? परकं झालेलं नसतं. त्याला आता तिकडचीही माणसं आहेत, तिकडचाही कोपरा आहे. त्यांच्याबद्दल विचारावं. रूममेटला काय आवडतं, कुठल्या थिएटरला जातोस, भाजी कुठून आणतोस. आपण विचारलं की त्याला दोन्हीकडचं होऊन राहणं अवघड जात नाही.

कुठून सुरुवात करायची, असं काल एका मैत्रिणीनं विचारलं. मुलगी दहावी झालेली असेल तर अ‍ॅना आधी. बारावीत असेल, आणि घरात करिअरवरून खटके उडत असतील, तर एव्हर. भुताखेतांची आवड असेल तर रोरी. इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्या बाबांनी 'आनंदी गोपाळ' घ्यावी आणि तिचं वय बोटावर धरून वाचावी. वाचायला खरंच वेळ नसेल तर नेटफ्लिक्सवर २०२३ पासून 'एक्सओ, किटी' आहे, आपली आई जिथे शिकली त्या सोलच्या शाळेत शिकायला गेलेल्या मुलीची मालिका. रात्री भांडी आवरल्यावर मुलांच्या शेजारी बसून एक भाग बघा. मध्ये मध्ये "हा कोण?" विचारलं तरी चालतं. मुलांना ते समजावून सांगायला आवडतं.